मिठावरचें शहर आणि एक जुनी मोटार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिशिगन नांवाचें एक संस्थान आहे. नकाशा उघडून पाहिला तर त्याचा दक्षिणेकडील भाग हाताच्या पंजासारखा दिसतो. चार बोटें जुळलेलीं आणि आंगठा वेगळा. तेथील माणसास "आपण कोठले?" असें विचारिलें, तर पुष्कळदां तो गांवाचें नांव सांगण्याआधीं आपला तळहात पुढें करितो आणि दुसऱ्या हाताच्या बोटानें त्यावर एक जागा दाखवितो. आंगठ्याच्या मुळाशीं, मनगटाच्या बाजूस, जी जागा येते ती डेट्रॉइट शहराची. आपला मुलूख असा तळहातावर वागविणाऱ्या लोकांत राहण्याचा योग मला दोन खेपांत मिळून दोन हिवाळे आला. त्या मुक्कामांत पाहण्यासारखें जें पाहिलें त्यांतील बरेंचसें प्रवासवर्णनांतून वाचकांस ठाऊक असेल. म्हणून येथें एका निराळ्याच विषयाचें वर्णन करण्याचें योजिलें आहे. तो विषय म्हणजे त्या देशांतील जुनी, मोठी, सर्व कुटुंबास पुरणारी मोटार आणि ती घरच्या घरीं नीट राखण्याची तेथील रीत.

प्रथम स्थलाचा परिचय. डेट्रॉइट हें नांव फ्रेंच असून त्याचा अर्थ पाण्याची चिंचोळी वाट असा आहे. १७०१ सालीं कॅडिलॅक नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें नदीच्या कांठीं येथें ठाणें वसविलें. नदीच्या पलीकडे कॅनडा देश. कॅनडा अमेरिकेच्या उत्तरेस, असें आपण मुलांकडून घोकून घेतों. परंतु डेट्रॉइटच्या धक्क्यावर उभें राहिलें म्हणजे समोरचा कॅनडा दक्षिणेस येतो! या शहराच्या पोटांत असलेल्या हायलंड पार्क येथील कारखान्यांत १९१३ सालीं हेन्री फोर्ड यांनीं सरकत्या पट्ट्यावर मोटारी जुळविण्याची पद्धत सुरू केली, आणि तेव्हांपासून हें शहर मोटारींचें माहेरघर म्हणून जगास ठाऊक झालें.

परंतु या माहेरघराच्या पायाखालीं काय आहे, हें फारच थोड्यांस माहीत असतें. शहराखालीं सुमारें १२०० फूट खोल मिठाची खाण आहे. सुमारें ४० कोटी वर्षांपूर्वीं तेथें असलेला समुद्र आटला, आणि त्याचें मीठ थरांच्या रूपानें मागें राहिलें. खाणीची पहिली विहीर १९१० सालीं पुरी झाली. आज खालीं मिठाच्या भिंतींमधून गेलेल्या रस्त्यांची लांबी शंभर मैलांच्या घरांत आहे. हें मीठ मुख्यतः हिवाळ्यांत रस्त्यांवर टाकण्यासाठीं काढितात. मीठ मिसळलें कीं पाणी शून्य अंशावर गोठत नाहीं, त्यास अधिक थंडी लागते; त्यामुळें बर्फ विरघळून रस्ता वाहता राहतो आणि माणसांचे प्राण वांचतात. पण तेंच खारें पाणी चाकांनीं उडून मोटारीच्या पोटाखालीं बसतें आणि तिचें पोलाद हळूहळू खातें. ज्या शहरानें मोटारी घडविल्या त्याच शहराच्या पोटांतलें मीठ त्या मोटारींना गंजवितें. मिठाला जागावें म्हणतात. येथें तर मिठापासून जागें राहावें लागतें.

आतां मोटारीकडे वळूं. १९३५ सालीं शेव्हरोले कंपनीनें 'सबर्बन कॅरीऑल' या नांवाची एक गाडी बाजारांत आणिली. खालचा सांगाडा मालवाहू गाडीचा, वर पोलादी बंद घर आणि आंत आठ माणसांची बैठक, असा तिचा थाट होता. सबर्बन हें नांव आजहि चालू आहे. त्याच कुळांतल्या गाड्या आतां अनेक कारखाने काढितात, आणि त्यांना एस्. यू. व्ही. या तीन अक्षरांनीं ओळखितात. त्यांतील पूर्ण आकाराची जात म्हणजे वजनानें सुमारें २४०० किलो, तीन रांगांची आसनें, आठ सिलिंडरांचें इंजिन, आणि घरासमोर उभी केली म्हणजे शेजारच्या लहान गाड्या तिच्यापुढें वासरासारख्या दिसाव्या, अशी असते. माझ्या चिरंजीवांकडे अशी एक गाडी आहे. ती कोणत्या कारखान्याची, हें सांगण्याचें कारण नाहीं. मीठ कांहीं कारखान्याचें नांव विचारून गाडीवर बसत नाहीं. तिचें वय एकोणीस वर्षें आणि चाल एक लाख ऐंशी हजार मैल. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास ती गाडी पाहतांच आपली वाटते. आम्ही दोघें, मुलगा, सून, दोन नातवंडें आणि सूनबाईंचे आईवडील, अशीं आठहि माणसें एकाच छपराखालीं बसून जाऊं शकतात. दोन गाड्या करून अर्ध्यांनीं पुढें जावें आणि अर्ध्यांनीं वाट चुकावी, असा प्रकार होत नाहीं.

त्या देशांत लोक दरवर्षीं गाडी बदलितात, असा आपल्याकडे एक समज आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. २०२४ सालच्या गणतीप्रमाणें तेथें रस्त्यावर धांवणाऱ्या मोटारींचें सरासरी वय साडेबारा वर्षांहून अधिक भरलें. नवी गाडी महाग, आणि मजुरी तर त्याहून महाग. म्हणून मध्यम स्थितींतील पुष्कळ गृहस्थ सुटीच्या दिवशीं गॅरेजचें दार वर ढकलून स्वतःच पाना हातीं घेतात. त्यांत डॉक्टर असतात, शिक्षक असतात, न्यायालयांत काम करणारेहि असतात. कोपरापर्यंत काळें झालेलें वंगण पुसतां पुसतां ते शेजाऱ्याशीं गप्पा मारितात, आणि त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं.

या रिवाजास तेथें तीन आधार आहेत. पहिला पुस्तकांचा. जॉन हेन्स नांवाच्या इंग्रज गृहस्थांनीं १९६६ सालापासून एकेका मोटारीवर एकेक पुस्तक काढण्यास आरंभ केला. गाडी स्वतः सुटी करावयाची, पुन्हां जोडावयाची आणि प्रत्येक पायरीचें छायाचित्र देऊन तें सांगावयाचें, ही त्यांची पद्धति. व्याकरणांत प्रक्रियेचें जें स्थान, तेंच या पुस्तकांत क्रमाचें. एक पायरी गाळली कीं पुढचें रूप सिद्ध होत नाहीं. दुसरा आधार दुकानांचा. सुटे भाग विकणारीं कित्येक दुकानें मोठीं व क्वचित् लागणारीं हत्यारें अनामत ठेवून नेऊं देतात, आणि हत्यार परत केलें कीं अनामत परत मिळते. तिसरा आधार कायद्याचा. घरीं किंवा दुसरीकडे दुरुस्ती केली, एवढ्याच कारणानें कारखानदारास हमी नाकारतां येऊं नये, असा बंदोबस्त १९७५ सालच्या एका कायद्यानें झाला. १९९६ सालापासूनच्या प्रत्येक मोटारींत चालकाच्या गुडघ्यांपाशीं सोळा टोकांची ठराविक जोडणी असते. तींत लहानसें यंत्र खोंचलें कीं गाडीच्या आंतील संगणक आपल्या दुखण्याचा आंकडा सांगतो. पुढें २०१२ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील मतदारांनीं तर मोटारदुरुस्तीचा हक्क कौल देऊन मंजूर केला.

कोंकणांत वाढलेल्या वाचकांस या सर्व खटाटोपाचें मर्म एका शब्दांत कळेल: शाकारणी. वैशाखांत कौलें उतरवावयाचीं, फुटकीं वेंचून काढावयाचीं, वासे-रिपा तपासावयाच्या, आणि पहिल्या सरीच्या आंत छप्पर पुन्हां बसवावयाचें. पाऊस पडूं लागल्यावर कौल चाळणारा गृहस्थ आणि न चाळणारा गृहस्थ यांतील फरक ज्याचा त्याला कळतो. मिशिगनांतील आगोट आश्विनांत येते. मेपलचीं पानें लाल होऊन गळूं लागलीं कीं ती शाकारणी गॅरेजांत सुरू होते. ती मीं जशी पाहिली तशी सांगतों.

आरंभ वंगणापासून. इंजिन किंचित् ऊन असतां तळाचा बोल्ट काढून जुनें तेल परातींत उतरवावयाचें, गाळणी बदलावयाची आणि नवें तेल, सुमारें साडेपांच लिटर, वरून घालावयाचें. नंतर थंडपाणी. इंजिन निवविणाऱ्या पाण्यांत एथिलिन ग्लायकॉल निम्में मिसळलें तर तें शून्याखालीं सुमारें ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं. हें प्रमाण ठीक आहे कीं नाहीं, तें एका लहान मापकानें पाहतात. पाणी गोठलें तर तें फुगतें आणि ओतीव लोखंडालाहि तडा घालतें. मग बॅटरी, थंडींत तिची शक्ति घटते आणि नेमकी त्याच वेळीं घट्ट झालेल्या तेलांतून इंजिन फिरविण्यास अधिक शक्ति लागते. शेवटीं गाडीचें पोट स्वच्छ धुवून व वाळवून त्यावर मेंढीच्या लोकरीपासून काढलेल्या स्निग्ध द्रव्याचा हात देतात, म्हणजे खारें पाणी पोलादास भिडत नाहीं. घरांतील बायकांनीं तो वास घेऊन नाकें मुरडिलीं. पण विळीच्या पात्यास तेलाचें बोट लावून ठेवण्याचा जो आपला परिपाठ, त्याचेंच हें मोठें रूप आहे, असें मीं सांगतांच आमच्या सौभाग्यवतींस तें पटलें.

गाडीखालीं शिरण्याचा विधि मात्र फार कडक आहे, आणि तो असलाच पाहिजे. सपाट व पक्क्या जमिनीवर गाडी उभी करावयाची, जमिनीवर राहणाऱ्या चाकांस पाचरी लावावयाच्या, जॅकनें ती उचलावयाची आणि लगेच तिच्या सांगाड्याखालीं लोखंडी घोड्या बसवावयाच्या. जॅक हा उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं क्षणभरहि हात घालूं नये, मग दुरुस्ती कितीहि लहान असो. घोड्यांवर गाडी टेकली म्हणजे तिला जोरानें हलवून पाहावयाचें. डळमळली नाहीं तरच खालीं जावयाचें. चाकांच्या चाक्या आंवळतांना अंदाजाचें काम नाहीं. या गाडीस १४० फूट-पौंड एवढा जोर सांगितलेला आहे, आणि तेवढा जोर लागतांच 'टक्' असा आवाज देणारा पाना मिळतो. तो आवाज ऐकूं येण्यापूर्वीं थांबावयाचें नाहीं आणि ऐकूं आल्यावर पुढें जावयाचें नाहीं. संयम शिकविणारें इतकें नेटकें साधन मीं शाळेंतहि पाहिलें नव्हतें.

दुसऱ्या खेपेच्या आश्विनांत या गाडीनें घरांत मोठाच प्रश्न उभा केला. सूनबाई नातीस शाळेंतून घेऊन येत असतां ब्रेकचें पायटें नेहमींपेक्षां फार खोल गेलें आणि समोर तांबडा दिवा लागला. गाडी थांबली, कोणास इजा झाली नाहीं. याचें कारण त्या यंत्राच्या रचनेंत आहे. पायट्यानें ढकललेलें द्रव बारीक पोलादी नळ्यांतून चारी चाकांकडे जातें. द्रव दबत नाहीं, म्हणून पायाचा दाब जसाच्या तसा चाकापर्यंत पोंचतो. या नळ्यांचे दोन स्वतंत्र मार्ग केलेले असतात, एक फुटला तरी दुसरा राहावा म्हणून. येथें मागच्या चाकांची नळी मिठानें खाऊन फुटली होती. पुढच्या मार्गानें गाडी सांवरली. सूनबाईंनीं घरीं येऊन किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हटलें, "बाबा, आज मी थांबले. उद्यां थांबेन कीं नाहीं, तें सांगतां येत नाहीं." त्या रात्रीं जेवतांना कोणी फारसें बोललें नाहीं.

मिशिगन संस्थानांत मोटारींची वार्षिक सरकारी तपासणी नाहीं. आपल्याकडे खासगी गाडीस पंधरा वर्षें झालीं म्हणजे तपासणीवांचून नोंदणीची मुदत वाढत नाहीं; तेथें ती जबाबदारी सर्वस्वीं मालकाच्या सदसद्विवेकावर सोंपविलेली आहे. म्हणून निर्णय आमच्या घरांतच व्हावयाचा होता. एका दुरुस्तीच्या दुकानानें सर्व नळ्या बदलण्यास १९०० डॉलर सांगितले. त्यांत लबाडी नव्हती. कामच तितकें वेळखाऊ आहे. जुन्या गाडीची बाजारांतली किंमत त्या आंकड्यापासून फार दूर नव्हती. चिरंजीवांचें म्हणणें, सामान दोनशें डॉलरांच्या आंत येतें, काम घरीं करूं. सौभाग्यवतींचें म्हणणें, तेल बदलणें निराळें आणि ब्रेक निराळा. हा जिवाशीं खेळ आहे. दोघांचेंहि म्हणणें खरें होतें, आणि म्हणूनच प्रश्न अवघड होता.

तोड सूनबाईंनीं काढिली. त्यांनीं तीन अटी घातल्या. आधीं सांगाडा तपासावा. तोच गंजला असेल तर एक डॉलरहि खर्च न करितां गाडी भंगारांत द्यावी. नळ्या बदलावयाच्या तर फुटलेली तेवढीच नव्हे, सगळ्या बदलाव्या, कारण एकाच मिठांत एकोणीस वर्षें काढलेल्या नळ्यांपैकीं एकच आजारी असेल असें मानणें हा भ्रम आहे. आणि काम झाल्यावर जाणत्या कारागिरानें पैसे घेऊन तें तपासल्याखेरीज मुलांनीं गाडींत बसावयाचें नाहीं. घर चालविणाऱ्या बाईची बुद्धि कशी चालते, याचा हा उत्तम नमुना होय.

सांगाड्याची परीक्षा हातोडीनें झाली. चिरंजीव खालीं पडून एकेक हात अंतरावर ठोकीत गेले आणि मी बाहेरून आवाज ऐकत गेलों. बाजारांत माठ घेतांना आपण टिचकी मारून पाहतों, तसाच हा प्रकार. निकोप पोलाद खणखणतें, आंतून पोखरलेलें बद्द वाजतें. मागच्या एका आडव्या पट्टीवर गंजाचे पापुद्रे होते, परंतु ते खरवडतांच खालीं निरोगी धातु लागला. सांगाडा सुटला, काम करण्याचें ठरलें.

पुढें तीन शनिवार-रविवार त्यांत गेले. जुन्या जोडांवर झिरपणारें तेल रात्रभर टाकून ठेवावें लागलें, तरी कित्येक आटे जागचे हालले नाहींत. ते कापून काढावे लागले. नव्या नळ्या पोलादाच्या न घेतां तांबें व निकेल यांच्या मिश्र धातूच्या घेतल्या. हा धातु मिठास दाद देत नाहीं आणि हातानें वळवितां येतो. नळी जुन्या नळीच्या वळणानें वांकवावयाची, तोंड सरळ कापावयाचें, आंतील कीस काढावयाचा, चाकी आधींच नळींत ओंवावयाची आणि मग एका हत्यारानें तोंड दोनदां दुमडून फुलवावयाचें. चाकी ओंवण्यापूर्वीं तोंड फुलविलें तर ती मागाहून चढत नाहीं. नळी फुकट जाते. हें वाक्य माझ्या बारा वर्षांच्या नातीनें कागदावर लिहून भिंतीस चिकटविलें, आणि प्रत्येक नळीच्या वेळीं ती मोठ्यानें वाचीत असे.

शेवटचें काम नळ्यांतील हवा काढण्याचें. हवा दबते, द्रव दबत नाहीं. म्हणून नळींत एक बुडबुडा राहिला तरी पायाचा दाब चाकास पोंचण्याऐवजीं त्या बुडबुड्यांतच विरतो. या कामास दोन माणसें लागतात. मी चालकाच्या आसनावर बसलों, चिरंजीव चाकापाशीं. "बाबा, दाबा," असें खालून येई; मी पायटें दाबीं. "धरा," म्हणतांच धरून ठेवीं. ते चाकावरील लहान तोटी सोडीत, द्रव व बुडबुडे बाहेर येत आणि तोटी मिटल्यावर "सोडा" असा शब्द येई. तो शब्द येण्यापूर्वीं पाय उचलला तर बाहेरची हवा आंत शिरते. उजवें मागचें चाक, मग डावें मागचें, मग उजवें पुढचें, मग डावें पुढचें, असा लांबून जवळ येणारा क्रम. नात कांचेच्या बाटलींत बुडबुडे मोजी आणि वरच्या टाकींत द्रव कमी होऊं न देण्याचें काम तिच्या धाकट्या भावाकडे होतें. या द्रवास हवेंतील ओल शोषून घेण्याची खोड आहे. कोरें असतां तें २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं, ओल शोषल्यावर १४० च्या सुमारास उकळूं लागतें; म्हणून उघडी पडून राहिलेली बाटली पुन्हां वापरूं नये. तासाभरानें पायटें दगडासारखें घट्ट लागलें.

तिसऱ्या अटीप्रमाणें एक अनुभवी कारागीर आले. त्यांनीं एक तासाची मजुरी घेतली, प्रत्येक जोडावर कोरडें बोट फिरविलें, आणि एके ठिकाणीं नळी सांगाड्यास घासण्याचा संभव दिसल्यावरून तेथें एक जादा पकड बसवावयास सांगितली. बाकी काम त्यांनीं पसंत केलें. दुसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं प्रथम एकट्यानें, मग आम्हां सर्वांस घेऊन गाडी चालविली.

आपल्या सुशिक्षित घरांतून विद्या आणि हातकाम यांची फारकत फार जुनी आहे. पुण्याच्या मोटारींच्या कारखान्यांतून डेट्रॉइटच्या आसपास गेलेले मराठी इंजिनियर पुष्कळ आहेत. मोटारीची कल्पना कागदावर बिनचूक मांडणारे, पण घरच्या मोटारीचें झांकण न उघडणारे असेहि त्यांत आहेत. यांत त्यांची निंदा नाहीं. आपल्या घरांचें वळणच तसें. परंतु नळीचें तोंड फुलवितांना जी नजर लागते, आटा धरतांना बोटांस जें कळतें, तेंहि ज्ञानच आहे, आणि तें ज्याच्यापाशीं आहे त्या कारागिरास आपण एकेरीनें हांक मारूं नये, एवढें तरी त्या गॅरेजांत बसून प्रत्येकास पटेल. स्वतः एकदां गंजलेला बोल्ट सोडविल्यावांचून त्याच्या मजुरीचा भाव समजत नाहीं. तसेंच सगळेंच घरीं करावें असेंहि नाहीं. अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या पिशव्या, सांगाड्याचें जोडकाम, दाबलेल्या जाड कमानी, यांस घरच्या हातानें शिवूं नये. कोठें हात घालावयाचा आणि कोठें जोडावयाचा, हें कळणें हाच या विद्येचा अर्धा भाग आहे.

गाडी रस्त्यावर आल्यावर आम्ही शहर पाहण्यास निघालों. डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयांत दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकारानें १९३२-३३ सालीं रंगविलेलीं भित्तिचित्रें आहेत. एकंदर २७ चौकटी. उत्तरेच्या भिंतीवर आठ सिलिंडरांच्या इंजिनाची घडण चालली आहे. भट्ट्या धगधगत आहेत, माणसें वांकून ओढीत आहेत, ढकलीत आहेत. निर्मितीचें इतकें जोरकस चित्र क्वचितच असेल. तें पाहून बाहेर पडल्यावर शहराची दुसरी बाजू दिसते. १९५० सालीं येथें साडेअठरा लाखांच्या जवळपास वस्ती होती. २०२० च्या शिरगणतींत ती साडेसहा लाखांहूनहि कमी भरली. २०१३ सालीं शहराच्या कारभारानें दिवाळें जाहीर केलें. ओस पडलेलीं घरें, गवत माजलेले चौक आजहि ठिकठिकाणीं दिसतात. निर्मितीचा उत्साह असतां राखण्याची तजवीज अपुरी पडली, तर काय होतें, तें तेथें उघड्यावर लिहिलेलें आहे.

परंतु त्याच शहरांत मिशिगन सेंट्रल स्टेशनहि आहे. १९१३ सालीं उघडलेलें हें भव्य स्थानक १९८८ सालीं बंद पडलें. नंतर तीस वर्षें त्याच्या खिडक्या फुटत राहिल्या, तळघरांत पाणी सांचलें, आणि पडक्या शहराचें चित्र म्हणून त्याचींच छायाचित्रें जगभर गेलीं. २०१८ सालीं फोर्ड कंपनीनें तें विकत घेतलें, सहा वर्षें कारागीर लावून दुरुस्त केलें आणि २०२४ च्या जून महिन्यांत तें लोकांस पुन्हां खुलें झालें. आंतील उंच कमानींखालीं आमचीं आठहि माणसें माना वर करून उभीं होतीं. जवळच्या डिअरबॉर्न गांवीं हेन्री फोर्ड यांनीं वसविलेल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहग्रामांत राइट बंधूंचें सायकलींचें दुकान मूळ गांवाहून हलवून आणून ठेविलें आहे. विमान उडविणाऱ्या त्या बंधूंचे हात सायकली दुरुस्त करून तयार झाले होते, हें मुलांस दाखविण्यासारखें आहे.

संस्कृतांत योगक्षेम म्हणून एक जोडशब्द आहे. नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालें तें राखणें हा क्षेम. मंगलकार्यांत हा शब्द आपण एका दमांत उच्चारितों. व्यवहारांत मात्र योगाचे सोहळे होतात आणि क्षेमाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. नवी गाडी दारीं आली कीं हार, नारळ, पेढे. त्या गाडीचें तेल बदललें म्हणून कोणी पेढे वांटीत नाहीं. तथापि घरें, स्थानकें आणि शहरें उभीं राहतात तीं दुसऱ्या शब्दावर. ती मोटार आणखी किती वर्षें धांवेल, हें तिच्या सांगाड्यावर अवलंबून आहे. दर आश्विनांत हातोडी वाजेल, आणि ज्या वर्षीं आवाज बद्द येईल त्या वर्षीं तिला निरोप दिला जाईल. तोंवर तिच्या हातपेटींत एक वही राहते. तींत तारीख, मैल, काय केलें, कोणी केलें आणि पुन्हां केव्हां पाहावयाचें, असे पांच रकाने आहेत. वाचकांनीं आपल्या घरीं, मोटार असो वा नसो, अशी एक वही घालावी. पंप, गच्ची, विजेच्या तारा, विहिरीचा रहाट, जें असेल तें तींत नोंदवावें आणि मुलांच्या हातानें नोंदवावें. मिशिगनांतील त्या वहींतील गेल्या आश्विनाची नोंद देवनागरींत आहे, अक्षर नातीचें आहे, आणि 'कोणी केलें' या रकान्यांत तिनें 'सर्वांनीं' असें लिहिलें आहे.